दाखल्यावरची तारीख

कोतो, तोक्यो
गुरुवार, ६ नोव्हेंबर

ती. अंबरीषदादांना,
सा. न. वि. वि.

विभाचा व्हिसा मंजूर झाला. भारतीय वकिलातीतल्या शैलजा नायर यांनी काल दुपारी फोन करून तसं सांगितलं. सोमवारी तिने स्वतः जाऊन कागद घ्यायचे आहेत. विमान शनिवारी, १५ तारखेला. रविवारी सकाळपर्यंत ती ठाण्याला तुमच्याकडे पोचेल. आईंच्या वर्षश्राद्धाला ती हजर असेल.

इकडे थंडी सुरू झाली आहे. विभाची शाळेच्या ऑफिसातली नोकरी नीट चालली आहे. तुमची भाची ईश्वरी कोबेला कॉलेजात आहे. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. स्वप्नावहिनींचा गुडघा कसा आहे?

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. वर्षभरात फोनवर आपलं बोलणं ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे गेलेलं नाही. विभाचा फोन तर तुम्ही न बोलताच वहिनींच्या हातात देता. ती तक्रार करत नाही. फोन ठेवते आणि भांडी घासायला लागते, घासलेलीसुद्धा.

आधी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाबद्दल लिहितो. विषयांतर वाटेल, पण ते नाही.

२५ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, इथल्या एका मोठ्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची चर्चा होती. जो अध्यक्ष होईल तोच बहुधा पंतप्रधान, म्हणून सगळा देश बघतो. त्या निवडणुकीत फक्त पक्षाचे सभासद मत देतात, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मी चहा घेऊन बसलो होतो. विभा दुधाचे रिकामे खोके कापून, धुऊन वाळत घालत होती. इथे ते पुनर्वापरासाठी तसेच द्यावे लागतात.

पाचातल्या एका उमेदवाराकडून मला अपेक्षा होती. संसदेच्या मागच्या निवडणुकीत तो आमच्या स्टेशनबाहेर प्रचाराला आला होता. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला होता, “तुम्ही आमचेच.” त्या वाक्यावर मी त्याच्या पक्षाला मत दिलं. इथे पेन्सिलीने नाव लिहून मत देतात. आदल्या दिवशी मी ते नाव वहीत चार वेळा गिरवलं होतं. तेव्हा विभा म्हणाली होती, “पहिलीत गेलास की काय?”

तुम्हाला माहीतच आहे, नागरिकत्व बदलायचा हट्ट माझा. बँकेने तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, त्याला एकवीस झाली. घर इथे, कर इथे, मग मत का नको, असं मी घरात भाषण द्यायचो. विभाला नको होतं. “आईला कसं सांगू?” एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी माझ्यासाठी तिने सही केली.

तर त्या दुपारी परदेशी लोकांवर प्रश्न आला. प्रत्येकाला एक मिनिट. दोघांनी तो टाळला, दोघांनी कडक कायदे करू म्हटलं. मग आमचा तो. हसत म्हणाला, कागद बदलला म्हणून माणूस बदलत नाही. किती जण जपानी पासपोर्ट घेतात आणि कपाटात जुना जपून ठेवतात, ते एकदा तपासायला हवं. मिनिट संपल्याची घंटा वाजली. पुढचा प्रश्न तांदळाच्या भावाचा होता.

मी टीव्ही बंद केला. विभा खोका कापता कापता हसली. “आपल्याबद्दल बोलतोय का रे हा?” म्हणाली. “सांग त्याला, आमचे कधीच जमा झाले. त्यापायी मी आईचं तोंडसुद्धा बघितलं नाही म्हणावं.”

दादा, जमा झाले नव्हते.

त्याने हजारो लोकांवर खोटा आळ घेतला. माझ्यापुरता तो खरा होता. आमचे दोन्ही जुने पासपोर्ट माझ्या टेबलाच्या कुलपाच्या ड्रॉवरमध्ये होते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विभाने सह्या करून ते माझ्याकडे दिले होते. मी रजा काढून वकिलातीत गेलो, नंबराचं तिकीट घेतलं. माझ्या पुढच्या माणसाचा पासपोर्ट खिडकीत घेतला, शिक्का मारला आणि कात्रीने कोपरा कापला. तो माणूस थँक्यू म्हणाला. मी तिकीट खिशात घालून घरी आलो. विभाने विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मनात होतं. मग त्याच्या पुढच्या.

जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला असल्याशिवाय आमच्यासारख्यांना भारताचा व्हिसा मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये तुमचा फोन आला, आईंना आयसीयूत नेलं म्हणून. विभाने बॅग काढली. मी सांगितलं, वकिलातीत कागद अडकलाय, चार-पाच दिवस लागतील. तुम्हालाही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई गेल्या. तुम्ही विभाला म्हणालात, “तुला मत हवं होतं ना, मिळालं. आता आईचं काय विचारतेस?”

कागद वकिलातीत अडकला नव्हता. मी अडकवला होता. तिला कधीच मत नको होतं.

चर्चेनंतरच्या सोमवारी, २७ ऑक्टोबरला, मी दोन्ही पासपोर्ट जमा केले. नवे अर्ज लागले; व्हिसाच्या कागदांबरोबर विभाने त्यांवरही न वाचता सही केली होती. मी नायरबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी कोणी अत्यवस्थ असेल तर किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, “अहो, सगळं त्याच दिवशी करून देतो.” मग जमा करायला उशीर झाला म्हणून त्यांनी दंडाची पावती फाडली. मी थँक्यू म्हटलं.

इथल्या पुढाऱ्यांवर मी आता रागावत नाही. पुढच्या निवडणुकीत ते पेन्सिलीचं नाव लिहायला जाईन असंही वाटत नाही. मी ज्याला ढोंगी म्हणतो, त्याला माझ्या ड्रॉवरची माझ्या बायकोपेक्षा जास्त माहिती निघाली.

विभाला हे अजून माहीत नाही. सोमवारी तिच्या हातात व्हिसाबरोबर तो दाखलाही येईल. ती शाळेच्या ऑफिसात काम करते, कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख बघते. म्हणून रविवारी, ती खिडकीपर्यंत जायच्या आधी, मीच सांगणार आहे. तुम्हाला आधी लिहिलं, कारण पत्र टाकल्यावर मला माघार घेता येणार नाही. मी माघार घेतो, हे आता तुम्हाला कळलंच आहे.

एक मागणं आहे. तिच्याशी बोला. वर्षभर तुम्ही चुकीच्या माणसाशी अबोला धरलात.

ती एकटी येईल. परतीचं तिकीट २९ तारखेचं आहे. एकच बॅग असली तर श्राद्धाला आली आहे असं समजा. दोन असल्या तर दारात काही विचारू नका, दुसरी तुम्ही उचला.

लग्नापासून तुम्ही मला यतीनराव म्हणत आलात. आज नुसतं नाव लिहितो.

यतीन