तेरा नंबरची जाळी

मंगळवार, १४ मे

ताई,

साष्टांग नमस्कार. पुढे ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे, पण आज विनंती काही नाही. जे आहे ते सांगणं आहे. बाबांची तब्येत ठीक. उजवा हात प्लास्टरमध्ये, जेवण डाव्या हाताने, आणि तोंडाचा पट्टा नेहमीसारखा सुरू.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तेरा नंबरचीच जाळी लावली आहेस ना?” मी “हो” म्हणाले. ते खोटं होतं. घराच्या एसी यंत्रात हवा गाळायची जाळी, म्हणजे फिल्टर, आठ नंबरचा आहे आणि आठचाच राहील. तुम्ही पाठवलेल्या उरलेल्या पाच जाळ्या उद्याच्या पार्सलने परत येताहेत.

तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या मेट्रन. नंबर मोठा तितकी जाळी बारीक, जाळी बारीक तितकी हवा स्वच्छ, हे तुमचं म्हणणं चूक नाही. बाबांच्या खोकल्याची तुम्हाला काळजी वाटते, तीही खोटी नाही. पण थिएटरचं यंत्र त्या जाळीतून हवा ओढायच्या ताकदीचं असतं. आमचं एकोणीस वर्षांचं. घर गार करायचं की गरम, दोन्ही तेच करतं, आणि पंखा त्याचा आता दमलाय. बाबांनी चाळीस वर्षं हीच यंत्रं घरोघरी बसवली. तेरा नंबर बघताच म्हणाले, “अगं, नाकावर उशी दाबून मला जिना चढायला लावशील का? मग त्याला कशाला लावतेस?”

मी हसले आणि जाळी बसवली. का, तर तुम्ही सांगितलं होतं. या घरात तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाबांनी मग वर्तमानपत्राची पट्टी फाडून खोलीत यंत्राची हवा येते त्या झरोक्यासमोर धरायला लावली. आठ नंबर असताना ती पट्टी चांगली फडफडायची. आता नुसती लोंबत राहिली. “दिसलं?” त्यांनी विचारलं. मला दिसलं होतं. मी पर्स उचलली आणि कामाला गेले.

बाबा बाथरूममध्ये घसरले असं मी तुम्हाला कळवलं. ते बाथरूममध्ये घसरले नाहीत, ताई.

जाळीच्या कडेला थोडी फट राहिली होती. कडेने धूळ आत शिरायला नको, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून पॅसेजच्या छतात जाळी बसते त्या चौकटीला मी चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, तीही दोन थर. तुमच्यापेक्षा मी वरचढ मेट्रन! चौथ्या दिवशी भर दुपारी यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरला आणि घरात हवा यायची बंद झाली. आत हवा पुरेशी ओढली गेली नाही की नळ्या गोठतात. मला हे आता कळलं. बाबांना आधीपासून माहीत होतं. मी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर. ‘काम सोडून धावत येईल’ म्हणून त्यांनी फोन केला नाही. ऐंशीला टेकलेला माणूस स्टुलावर चढला. नुसती जाळी एका हाताने निघाली असती. माझी चिकटपट्टी निघेना. ती ओढताना ते खाली आले.

मी पोचले तेव्हा मनगट धरून भिंतीला टेकून बसले होते. पहिलं वाक्य काय, तर “आधी यंत्र बंद कर, बर्फ वितळू दे.” दुसरं, “ताईला बाथरूम सांग, नाहीतर दोघांचीही हजेरी घेईल.” आणि मी, चाळिशीची बाई, तुमच्या धाकाने खोटं बोलले. मला त्याची लाज वाटते.

त्यावर तुमचं पत्र आलं: ‘तुझ्याने हे होत नाही. रविवारी येऊन बाबांना कायमचं घेऊन जाते.’ ताई, चूक माझी आणि ती मी पदरात घेते. पण ती बाबांचं न ऐकल्याची चूक आहे, तुमचं न ऐकल्याची नव्हे. तुमचं मी जरा जास्तच ऐकलं.

यंत्राच्या माहितीपुस्तकात जास्तीत जास्त आठ नंबर लिहिलाय. आधी वाचायला हवं होतं. छातीच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, धूळ कमी हवी, पण हवा खेळती हवी. म्हणून आता फिल्टर दर महिन्याला बदलायचा. मी स्टुलावर, बाबा खाली खुर्चीत. फिल्टरच्या कडेवरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, हे तीनदा विचारतात. खोकला सकाळी असतो, दिवसभर नसतो.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. “जायचंय का?” असं सरळ विचारलं. म्हणाले, “पाहुणा म्हणून आठ दिवस जाईन. सामान म्हणून जाणार नाही.” यात माझा मीठमसाला काही नाही.

रविवारी जरूर या. तुमची खोली झाडून ठेवते. पण बाबांची बॅग मी भरणार नाही आणि तुम्हालाही भरू देणार नाही. तुमचा भाऊ गेला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, “आता तू मोकळी आहेस.” चांगल्या मनानेच म्हणाला असाल. मी मात्र तीन वर्षं त्या वाक्याला घाबरून आहे. एक चूक झाली की मला दार दाखवाल, या भीतीने तुमच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली, आणि त्यापायी बाबांचं मनगट मोडलं. आता पुरे. बाबा माझेही आहेत. घर माझंही आहे. मला कुणी मोकळं करायचं नाही.

भाऊ नसला, तरी तुमचीच
भावजय