कुंभकर्ण एकविसाव्या घंटेला उठतो

बाबा,

तुमचा लाकडी रूळ काल दुपारी माळ्यावरून खाली काढला. गोणपाटात गुंडाळलेला होता, वरून तुमची ती नेहमीची बांधणी, सुतळीचे दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. आई खाली शिडी धरून उभी होती. म्हणाली, "इतक्या वर्षांनी ते लाकूड कशाला पाहिजे तुला?" मी म्हटलं, फोटो काढून दिल्लीला पाठवायचाय. "दिल्लीवाल्यांनी लाकूड पाहिलं नाही का कधी," असं म्हणून ती शिडी सोडून गॅसवरचं दूध बघायला गेली. मी वरच अडकले. तिचं हे अजून तसंच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. पदवी झाली, त्यानंतर इथेच इंदुरात, तुकोगंजमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, अजून शिकवते. ती नोकरी. त्याशिवाय आम्ही तिघं मिळून एक काम करतो, त्याला काय म्हणायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आई विचारते, नाटक आहे का? मी म्हणते, थोडं. मग गेम आहे का, पोरं कॉम्प्युटरवर खेळतात तसा? तोही थोडा. "म्हणजे धड काहीच नाही," ती म्हणते, आणि या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या इंग्रजी मासिकातही मिळालेली नाही. चार वर्षं झाली. कॉम्प्युटर, त्याचा जाडा मॉनिटर आणि भाड्याचा प्रोजेक्टर टेम्पोत घालून आम्ही कॉलेजांच्या हॉलमध्ये जातो, आधी थ्री-पिनचा प्लग शोधतो, मग कुणातरी प्राचार्यांना समजावतो की प्रेक्षकांनी नुसतं बसायचं नाही, त्यांनी काही केलं तरच पुढे काही घडेल. एकदा महूच्या एका शाळेत सगळं मांडून झालं आणि दोन तास लाइटच आले नाहीत. मुलं घरी गेली, आम्ही वायरी गुंडाळल्या. हल्ली वायरी गुंडाळताना फार थकायला होतं, बाबा. सुरुवातीला वाटायचं, लोकांना नवीन काही दाखवायचं म्हणजे एवढं सोसायलाच पाहिजे. आता तसं रोज वाटत नाही.

आमचं सध्याचं काम म्हणजे तुमचा कुंभकर्ण आहे. माझी मैत्रीण पांढऱ्या चादरीखाली झोपते, चादरीवर प्रोजेक्टरमधून फिरते माग आणि धावतं सूत दिसतं, आणि समोर एक घंटा टांगलेली असते. घंटेच्या दोरीला मी जुन्या कीबोर्डची एक कळ जोडली आहे. दोरी ओढली की कॉम्प्युटर एक आकडा मोजतो. ठरलेला आकडा आला की माग थांबतात आणि ती उठून बसते. बघणाऱ्यांना वाटतं, केवढं आधुनिक. मला माहीत आहे की यातलं सगळं तुम्ही परदेशीपुऱ्यात, मिलच्या मागच्या शेडमध्ये, कॉम्प्युटर न पाहता करून ठेवलं होतं.

मी तेव्हा सातवीत होते. मिल बंद झाल्याची नोटीस काही लागली नव्हती. तुम्ही रोज डबा घेऊन निघायचात आणि अकरा वाजता तो भरलेला डबा घेऊन परत यायचात. आई तोच डबा ताटात काढून तुमच्यासमोर ठेवायची. पगार थांबला तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीचं, त्या हलत्या देखाव्याचं, काम मात्र थांबलं नाही. तुम्ही पंधरा-वीस जण त्या शेडमध्ये जमून राक्षसांना मान हलवायला शिकवत होता. मूर्ती काका करायचे, सूतखात्यातले तुमचे दोस्त. लाइट आणि हालचाल तुमच्याकडे. त्या वर्षी तुमच्या डोक्यात आलं की कुंभकर्णाला लोकांनीच उठवायचं. झांकीच्या कडेला घंटा टांगायची, ज्याला हवं त्याने ओढायची. कमिटीने ऐकूनच नाही म्हटलं. काका म्हणाले, "भिया, पब्लिक को हाथ लगाने दिया तो राजबाड़ा आने से पहले कुंभकर्ण की मूंछ भी नी बचेगी." तुम्ही म्हणालात, ठीक आहे, मिरवणुकीत नको, एका रविवारी शेडमध्ये आपल्याच घरच्यांना दाखवू.

शाळा सुटली की मी तुमच्याकडे यायची. भंगारातून तुम्ही चोवीस दातांचं एक चाक आणलं होतं. घंटेची दोरी ओढली की एक लोखंडी जीभ चाकाचा एक दात पुढे ढकलायची आणि चाकाला जोडलेला हा रूळ तेवढाच फिरायचा. रुळावर पेन्सिलीने चोवीस रेघा. ज्या रेघेवर खिळा, त्या रेघेला खिळा पितळी पट्टीला टेकणार, मोटर चालू होणार, कुंभकर्ण उठणार. मी विचारलं होतं, एकविसालाच का? तुम्ही तोंडातला वायरचा तुकडा काढून म्हणालात, "पाचाला उठला तर वाटतं, उठणारच होता. पन्नासाला माणूस घरी निघून जातो. एकविसाला तो थोडा थकलेला असतो, थोडा चिडलेला असतो. तेव्हा उठला की त्याला वाटतं, मी उठवला." मी आजवर जेवढी पुस्तकं वाचली त्यात मला याच्या पुढचं काही सापडलेलं नाही.

खिळा ठोकायचं काम तुम्ही मला दिलंत. मी रेघा मोजल्या, खिळा ठोकला, तुम्ही दोरी ओढलीत आणि तिसऱ्याच घंटेला कुंभकर्ण ताडकन उठून बसला. सगळी शेड हसली. रूळ ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट बाजूने मी मोजलं होतं. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार आहे म्हणे. चोवीसपर्यंत मोजता येत नाही." मग परत हसले सगळे. ग्रॅज्युएट हा शब्द तुम्ही एरवी किती जपून वापरायचात, पाहुण्यांसमोर, आवाज खाली आणून. त्या दिवशी तो तुम्ही असा फेकलात. "काढ तो खिळा, नीट मोजून बसव. मी चहा पिऊन आलो."

मी पकडीने खिळा काढला. मोजलं, एकवीस आले. खात्रीसाठी परत मोजलं, तर वीस. परत मोजलं, बावीस. तुमचा आवाज दारापाशी ऐकू आला तेव्हा मी खिळा कंपासपेटीत टाकला आणि म्हटलं, झालं. तुम्ही प्रत्येक वायर दोनदा ओढून बघणारे, पण माझ्या खिळ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. बहुतेक बोललेलं तुमच्याही मनाला लागलं असावं.

रविवारी दुपारी सगळी घरं आली. बायका कडेला सतरंजीवर, पोरं पुढे. काकांनी पहिली घंटा ओढली आणि सगळे मोठ्याने मोजायला लागले. अठारह, उन्नीस, बीस, इक्कीस. काही नाही. तुम्ही मोटरकडे पाहिलंत, मग म्हणालात, "और बजाओ." तीस झाले, चाळीस झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "अपनी मिल जैसा सो रहा है, भिया." आणि असं हसू उसळलं की बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. मी आईकडे पाहिलं. तीही हसत होती, कित्येक महिन्यांनी. मग प्रत्येकाला घंटा ओढायची होती. "जनरल मैनेजर साहब, उठिए," म्हणून कुणी ओढायचं, कुणी बोनस मागायचं, कुणी सुट्टी. तुम्ही रुळाजवळ हात मागे बांधून उभे होतात. कुणीतरी विचारलं, बिगड़ गया क्या? तुम्ही म्हणालात, "बिगड़ा नहीं है. इसकी नींद ही ऐसी है." मी सतरंजीच्या टोकाला कंपासपेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

त्यानंतर परदेशीपुऱ्यात सगळे हीच गोष्ट सांगायला लागले. तुम्ही मालकांना टोमणा म्हणून कधीच न उठणारा कुंभकर्ण बनवला. लोक तुम्हाला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे आणि तुम्ही नुसती मान हलवायचात. मी वाट बघत होते की एक दिवस तुम्ही मला विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत. सहा वर्षांनी तुम्हीच गेलात.

आता जे सांगायला बसले ते. गेल्या महिन्यात तुकोगंजच्या एका हॉलमध्ये आमचा तीन दिवसांचा प्रयोग होता. दिल्लीहून एक पाहुणे आले होते, तिकडे अशा कामांचं मोठं प्रदर्शन भरवतात. पहिल्या दिवशी आकडा एकवीसच ठेवला होता. लोक सात-आठ वेळा दोरी ओढायचे आणि पुढच्या खोलीत जायचे. पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं. "मैडम, आज के दर्शक में इतना सब्र नहीं है. तीन कर दीजिए." मी दुसऱ्या दिवशी सकाळी तीन केला. दिल्लीला जायला एवढंच पुरलं नसतं. त्यांना खरी आवडली ती भिंतीवरची पाटी. त्यावर मी लिहिलं होतं: "माझे वडील मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी निषेध म्हणून कधीच न उठणारा कुंभकर्ण घडवला." पाहुण्यांनी ते हिंदीत वाचून घेतलं आणि आम्हाला बोलावणं दिलं. प्रदर्शनाच्या पुस्तकात हेच वाक्य पहिलं येणार, सोबत रुळाचा फोटो. मजकूर उद्या पाठवायचाय. मैत्रीण म्हणते, हे वाक्य नसेल तर आपण तीन इंदुरी आणि एक तुटका कीबोर्ड. खरंच आहे ते.

तिसऱ्या दिवशी काका आले. आता काठी घेऊन चालतात. सोबत शेडमधले आणखी दोघं होते. काकांनी घंटा ओढली, तिसऱ्या घंटेला मैत्रीण उठून बसली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतनी जल्दी? इसको ड्यूटी पे जाना है क्या?" बाकीचे दोघं हसले. मग काकांनी पाटी शोधली, चष्मा वर करून एकेक शब्द दोघांना वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "सही लिखा बेटा. जो तेरे बाप ने बोल दिया, वो यूनियन भी नी बोल पाई. ऐसा ही था न?" मी मान हलवली. अगदी तुम्ही हलवायचात तशी.

काल गोणपाट सोडलं. फोटोसाठी रूळ खिडकीत धरला. तिसऱ्या रेघेवरचं भोक लाख भरून बुजवलेलं आहे, वरून घासलेलं, हात फिरवला तर लागतसुद्धा नाही. आणि एकविसाव्या रेघेवर खिळा आहे. मी दोन्ही बाजूंनी मोजलं. खिळ्याच्या डोक्यावर पितळेचा पिवळा ओरखडा आहे, म्हणजे तुम्ही तो नुसता बसवला नाहीत, चालवूनही पाहिलात. म्हणजे कधीतरी त्या रिकाम्या शेडमध्ये तुम्ही एकट्याने एकवीस वेळा दोरी ओढलीत, कुंभकर्ण उठला, आणि तुम्ही तो पाहिलात. मग रूळ काढून, बांधून माळ्यावर ठेवलात आणि घरी कुणाला काही बोलला नाहीत. माझ्यासाठी गप्प राहिलात की त्या दुपारच्या हसण्यासाठी, मला माहीत नाही. कदाचित दोन्ही नसेल. कदाचित यंत्र चालतं एवढं कळलं की तुमचं समाधान होत असेल.

सकाळपासून मी त्या पाटीच्या मजकुरासमोर बसले आहे. वाक्य खोडलं. आता तिथे लिहिलं आहे: "माझ्या वडिलांचा कुंभकर्ण एकविसाव्या घंटेला उठायचा. लोकांसमोर तो उठला नाही, कारण खिळा मी काढला होता." उद्या हेच जाईल. दिल्लीवाले यावर काय म्हणतील ते दिसतंच आहे. निषेध करणारा मजूर त्यांना हवा होता, मोजायला चुकलेली मुलगी नको असेल. आकडाही परत एकवीस केला. मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "एकवीस? मी तोवर खरीच झोपून जाईन." मी म्हटलं, झोप. काकांना मात्र सांगणार नाही. ते आता दिल्लीचं पुस्तक बघायला जात नाहीत, आणि त्यांचा कुंभकर्ण झोपलेलाच बरा आहे.

आई चहाला हाका मारते आहे. हा कागद रुळाभोवती गुंडाळून, वरून गोणपाट घालून परत माळ्यावर ठेवीन. तुमच्यासारखी बांधणी मला जमत नाही, साधी गाठ मारीन. एक राहिलं. तुम्ही बसवलेला खिळा दुसरा आहे. पहिला अजून माझ्या कंपासपेटीत आहे, आणि काल तो रुळाबरोबर ठेवून द्यावा असं मनात आलं होतं. ठेवला नाही.