जुनी सलून मोटार, आता विकणे नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मेहुण्यांना शंका काढायची सवय आहे.

कलम १. गॅरेज, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव पत्नीला. चाळीस वर्षे तिने माझ्या कपड्यांवरचे ग्रीस काढले, त्यापुढे हे काहीच नाही.

कलम २. पान्यांचा मोठा संच मेहुण्यांना. तो त्यांनी मागून नेलेला, अजून त्यांच्याकडेच आहे. पोचवण्याचा त्रास वाचला.

कलम ३. ब्रिटिश बनावटीची जुनी सलून मोटार, म्हणजे पक्क्या छताची बंद गाडी. आणली तेव्हा तिच्या डिकीत कोंबडी अंडी घालत होती. उभी करायला अकरा वर्षे लागली. स्टिअरिंगपुढची अक्रोडाची फळी घासून साफ केली तेव्हा दिसले, की एकाच लाकडाचे दोन पातळ काप पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी बसवले आहेत. डावीकडची प्रत्येक रेघ उजवीकडे तशीच्या तशी. माझ्या जन्माआधी, समुद्रापलीकडे, कुणा कारागिराने एवढा जीव ओतला होता. त्या दिवशी मी दुसरे काम केलेच नाही, नुसता बघत बसलो. पुढे इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा पत्नीने विचारले, “कधी सुरू करणार?” ते सुरूच होते.

आता हात थरथरतात, म्हणून गेल्या महिन्यात विक्रीची जाहिरात दिली.

कलम ४. हे कलम लिहायला आठ दिवस लागले. या मोटारीच्या डाव्या चाकांचे नट नेहमीच्या उलट दिशेला फिरवले तरच सुटतात. मोटार आणली त्या दुपारी मला हे ठाऊक नव्हते. धाकटा भाऊ तेव्हा माझा भागीदार. तो सामान आणायला गेला होता. मी नेहमीच्या दिशेने पाना लावून त्या पान्यावर उभाच राहिलो. करकर झाली आणि नटाच्या आतल्या बोल्टाला तडा गेला. मी त्यावर तेल सोडले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने हात लावताच बोल्ट तुटला. तसा बोल्ट कुठे मिळत नव्हता. गिऱ्हाइकांदेखत मी त्याला म्हणालो, “तुझ्या हाताला अक्कल नाही.” मिस्त्रीला याहून वाईट काही बोलता येत नाही. त्याने पाना पुसला, जागेवर ठेवला आणि गेला. त्याला एकोणीस वर्षे झाली. आम्ही कार्याला भेटतो, तब्येत विचारतो, वेगवेगळ्या पंगतीला बसतो.

जाहिरात वाचून पाच जण आले. सहावी आली भावाची मुलगी, बापाला न सांगता. म्हणाली, चाक काढून बघते. तिने डाव्या चाकाला पाना लावला तो बरोबर उलट्या दिशेला. कुणी शिकवले म्हणून विचारले.

“बाबांनी,” ती म्हणाली. “म्हणतात, असा बोल्ट एकदा माझ्या हातून तुटला होता, तू तोडू नकोस.”

मी तिथेच स्टुलावर बसलो. एकोणीस वर्षे हा माणूस माझी चूक आपली म्हणून सांगत आला होता. त्या लाकडापुढे मी थक्क झालो होतो, पण आपल्याच घरात याहून मोठे काही असेल असे मनात आले नव्हते.

कलम ५. मोटार विकणे नाही. ती पुतणीला. बोल्ट मी तोडला, भावाने नाही, हे माझ्यामागे सर्व नातेवाइकांसमोर मेहुण्यांनी मोठ्याने वाचावे. त्यांचा आवाज खणखणीत आहे. मात्र भावाला हे कळायला माझ्या मरणाची वाट बघणे बरे नाही. म्हणून त्याला आजच साक्षीला बोलावले आहे. त्याने सगळे वाचूनच सही करावी.

ठिकाण: गॅरेजवरची खोली. दिनांक ९ नोव्हेंबर.

सही: (स्वतः)

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. सही केली आहे.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. “वाचलं. दादा, तुटलेल्या बोल्टाच्या तोंडाला निम्म्या भागात तेल मुरलेलं होतं. तडा आदल्या दिवशीचा आहे, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. ते नातेवाइकांसमोर वाचायचं तेवढं खोड, मग सही करतो.”