परीक्षा यांची, उत्तरं माझी

तासगाव, मंगळवार, ४ मार्च १९७५

सांगलीच्या डॉक्टरांनी यांना विचारलं, "आज वार कोणता?" यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगून टाकलं. "बाई, परीक्षा त्यांची आहे," डॉक्टर म्हणाले. चार महिने घरीही हेच करते आहे ना मी? यांचं ते वळून पाहणं डोळ्यांपुढून हलत नाही.

धाकटे दीर म्हणतात, "वैनी, वय झालं दादाचं, विसरणारच. त्याला कसलं आलंय औषध?" डॉक्टर म्हणतात, आधी कारण शोधू; डोक्याला मार लागला होता का? मी ‘नाही’ म्हणाले. धडधडीत खोटं. दिवाळीत बेदाण्याच्या शेडच्या शिडीवरून हे डोक्यावर पडले. "धाकट्याला कळलं तर मला कामातनं काढून बाग स्वतःकडं घेईल, बोलू नगंस," म्हणाले. मी शब्द दिला.

तो मोडणार. उद्या पहिल्या एसटीनं जाऊन डॉक्टरांना सगळं सांगणार. हे रागावले तर रागावू देत. तो राग परवा यांच्या लक्षात राहिला, तर मला हवंच आहे.