अण्णांची सात मिनिटं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नऊलाच अण्णा जिना चढून वर. चप्पल दारात, फोन हातात असा धरलेला की जणू त्यात उंदीर मेलाय.

"आगं शुभांगी, तुझं हे यंत्र काल मला पाणी पी म्हंतंय. साडेसा वाजता! दिवस मावळल्यावर!"

मी माफी मागितली. ते हसले, पण मला हसू आलं नाही. आमच्या फिटनेस ॲपच्या चाचणीसाठी ऑफिसच्या फॉर्ममध्ये अण्णांबद्दल सगळं भरलं होतं: वय ६८, माझ्या ऑफिसच्या बिल्डिंगखाली सुतळी-बारदानाचं दुकान, रोज गावाहून सायकलने नऊ कि.मी. येणं, नऊ जाणं, सायकल काळी, चोवीस इंची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. फक्त 'जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, पाण्याचा थेंबही घेत नाहीत' हे लिहायला त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. 'वीगन' आहे. 'कीटो' आहे.

निखिलला कळवलं. निखिल म्हणजे पुण्यातला आमचा प्रॉडक्टवाला, यापुढे नि., पूर्ण नाव लिहून शाई कशाला घालवू. नि.चं उत्तर: 'एज केस आहे.' म्हणजे लाखात एखाद्याची भानगड. सांगली जिल्ह्यात येऊन बघ म्हणावं एज केस किती आहेत ते.

२० नोव्हें., गुरुवार

मीटिंग दोन तास. रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी फिटनेसचं फीचर करतोय आणि सहा जणांच्या मीटिंगमध्ये सायकलने कामावर जाणारं कोणीही नाही. मीसुद्धा नाही. मी स्कूटीवर.

ॲपने अण्णांना 'अनियमित' ठरवलंय. का, तर त्यांची निघायची वेळ बदलते. चाळीस वर्षं एक दिवस न चुकवणारा माणूस अनियमित! ऑक्टोबरात ते सव्वापाचला निघायचे, आता पाचच्या आत, कारण सूर्य लवकर जातो. नि. म्हणाला, युजरला रूटीन लावायला हवं. मी म्हटलं, त्यांचं रूटीन सूर्याने लावलंय, तू सूर्याशी बोल. सगळे हसले आणि पुढचा मुद्दा घेतला.

२१ नोव्हें.

साताऱ्याच्या बँकेतल्या कारकुनाचा फोन, तोही आमच्या चाचणीतला. पोवई नाक्याचा चढ चढून धापा टाकत ऑफिसात पोचला की ॲप म्हणतं, 'आज थोडा व्यायाम करूया का?' त्याने मला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

२४ नोव्हें., सोमवार

शनि-रवि बसून एक केलं. साधं. स्क्रीनवर दोनच ओळी: सूर्य मावळायला किती मिनिटं, घरी ताटावर बसायला किती मिनिटं. अण्णांच्या रोजच्या वेगावरून.

दुकानात जाऊन दाखवलं. पोत्यांच्या थप्पीवर बसून त्यांनी तीनदा बघितलं. आजवर ते समोरच्या भिंतीवरची सावली बघून निघायचे, अंदाजाने. चुकलं तर रात्री उपाशी.

"हे मातर कामाचं झालं बग," म्हणाले. "बाकी सगळं काढून टाक."

खूप बरं वाटलं. या नोकरीत पहिल्यांदा असं वाटलं की मी कोणासाठी तरी काही केलंय. आईला रहिमतपूरला फोन करून सांगितलं, तिला काही कळलं नाही पण ती खूश झाली.

२८ नोव्हें., शुक्रवार

नि.ला आवडलं! इतकं की मला संशय आला. म्हणाला, 'सनसेट मोड', सगळ्यांना देऊया, ऑफिस सुटलेल्यांना उजेडात घरी पोचायला. ठीक. मग म्हणाला, यावर स्ट्रीक टाकू. सलग किती दिवस सूर्यास्ताआधी घरी, त्याचा आकडा, आणि आकड्याशेजारी पेटलेली ज्योत.

मी 'हो, चालेल' म्हटलं. लिहून ठेवते. मीच म्हटलं.

३ डिसेंबर, बुधवार

अण्णांचे सलग आठ दिवस झाले, मोजणी चोवीस तारखेपासून धरलीय. रविवार दुकान बंद, तो धरत नाही. शेजारच्या चहावाल्याला, हमालांना, सगळ्यांना ज्योत दाखवून झाली. सरासरी वेगही वाढलाय. नि.ने मीटिंगमध्ये आलेख लावला: 'अडुसष्ट वर्षांचा माणूस, बघा!' जाहिरातीसाठी अण्णांचा व्हिडिओ करायचा म्हणे. टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

६ डिसें., शनिवार

अण्णांच्या वेगाची रेघ काहीतरी विचित्र आहे. माणूस सायकल मारतो तेव्हा रेघ वरखाली होते, दमला की खाली, उतार आला की वर. अण्णांची ओढ्यापर्यंत तशीच आहे. ओढ्यानंतर चढ लागतो. तिथे त्यांनी ताशी आठ-नऊने जायला हवं, खरं तर उतरून हातात धरून. तर तिथून तीन कि.मी. रेघ सरळसोट. एकोणीस. ना कमी ना जास्त. रोज.

जीपीएसचा घोळ म्हणून दिवसभर डोकं खाल्लं, माझं आणि इंजिनिअरचंही. तो म्हणतो घोळ नाही. मग काय, अण्णांना मोटर बसवली का?

८ डिसें., सोमवार

बसवली. उसाच्या ट्रॅक्टरची.

पाच वाजून गेल्यावर ते निघाले, मी स्कूटीवर लांबून मागे. ओढ्याच्या अलीकडे ते रस्त्याकडेला पाय टेकून थांबले. मला वाटलं दमले. दमले नव्हते, वाट बघत होते. ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग, गाणी ठणाणा लावलेली. तो पुढे जाताच अण्णांनी दोन पायडल मारली आणि डाव्या हाताने मागच्या ट्रॉलीचा लोखंडी दांडा धरला. उजवा हात हँडलवर. कॅरिअरला सुतळीचा गठ्ठा. ट्रॉली हेलकावे खातेय, ऊस खाली ओघळतोय, मागून गाड्या, आणि हा माणूस लोंबकळत चाललाय.

हाक मारायचीही भीती वाटली, दचकून हात सुटला तर.

९ डिसें., मंगळवार

दुकानात भांडण. हमाल बाहेर जाऊन उभे राहिले.

मी: हे काय चालवलंय तुम्ही?

"आगं, लहानपनापास्नं धरतोय की. ऊस खायला धरायचो."

मी: रोज धरत होता?

"न्हाई. कवातरी."

मी: आणि आता?

त्यांनी फोन काढून माझ्यापुढे ठेवला. "तूच दावतीस न्हवं? सूर्य एकोनपन्नास मिन्टं, घर छप्पन. सात मिन्टं कमी. मग ती सात मिन्टं मी कुठनं आनू?"

लवकर निघा म्हटलं. तर हल्ली अडत्यांची माणसं पोती न्यायला पावणेपाचला येतात, ती जाईतो पाच वाजून दहा, त्यांना सोडून कसं निघू. मग माझा तोल गेला. म्हटलं, एक दिवस नका जेवू, काय बिघडणार आहे?

"माझं न्हाई गं काय. मी र्‍हाईन उपाशी. ती जेवत न्हाई."

ती म्हणजे काकू, अण्णांची बायको. काकूंना शुगर. संध्याकाळची गोळी घ्यायची आणि लगेच जेवायचं, डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. पण अण्णांच्या आधी त्या घास घेत नाहीत. अण्णा उशिरा पोचले तर दिवस मावळलेला, म्हणजे दोघंही उपाशी. दिवाळीनंतर एकदा असंच झालं आणि रात्री चक्कर येऊन त्या मोरीत पडल्या. कपाळाला टाके.

"तिला ह्यातलं काय बोलू नगंस," म्हणाले. "शपथ हाय."

शपथ मी घेतली नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

१० डिसें.

नि.ला सगळं सांगितलं. सूर्यास्ताचं फीचर थांबव, निदान स्ट्रीक काढ. तो म्हणाला, स्ट्रीकमुळेच चाचणीतले लोक रोज ॲप उघडतायत. उपाय काय, तर खाली बारीक अक्षरात 'सुरक्षित चालवा' टाकू. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, एक डॉक्युमेंट लिही ना. डॉक्युमेंट! अण्णा ट्रॉलीखाली गेले की जोडपत्र म्हणून लावते.

अण्णांच्या फोनवरचं तेवढं माझ्या हातात होतं. ते बंद केलं.

१२ डिसें., शुक्रवार

काढून टाकलं की झालं, असं वाटलं होतं. कालची रेघ: एकोणीस. आजची रेघ: एकोणीस. दोन ओळी गेल्या, ज्योत गेली, ट्रॉली राहिली. अण्णांना आता माहीत झालंय की सात मिनिटं मिळतात आणि कुठे मिळतात. हे त्यांना मी शिकवलं.

चिडचिड होतेय. स्वतःवर, नि.वर, अण्णांवर. सगळ्यात जास्त काकूंवर, आणि त्यांना मी जेमतेम दोनदा भेटलेय.

१४ डिसें., रविवार

अण्णांच्या गावाला गेले. अण्णा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेलेले, काकू पुढच्या सोप्यात तुरीच्या शेंगा सोलत. मीही सोलायला बसले. गोळीवरून सुरुवात केली. आवं काकू, तुम्ही वेळेवर जेवून घ्या की.

"त्यांच्या आदी? ह्या घरात आल्यापास्नं एकदा सुदा न्हाई."

कोणी सांगितलंय तसं?

"कोन कशाला सांगंल."

अर्धा तास डोकं फोडलं. डॉक्टर, टाके, रक्तातली साखर, सगळं. त्या ऐकतायत, मान हलवतायत, शेंगा सोलतायत. नि. बरा, तो निदान उलट बोलतो. शेवटी मी सांगून टाकलं. ट्रॉली, दांडा, लोंबकळणं, सगळं.

काकूंचा हात थांबला.

"कवापास्नं?"

माझं ॲप आल्यापासून, म्हटलं. खोटं कशाला बोलू.

निघताना त्यांनी सोललेले दाणे पिशवीत घालून दिले. मला ते घ्यायची लाज वाटली, तरी घेतले.

१५ डिसें., सोमवार

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी जिन्यात एकच वाक्य, "सांगितलंस." मान वळवून शटर वर केलं.

संध्याकाळी रेघच नाही. फोन दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. कळलं कसं, तर शटर बंद झाल्यावर खालून तो वाजत होता, नि.ने ॲपमध्ये टाकलेलं कसलं तरी प्रोत्साहन. आता ते कसे गेले, काय धरून गेले, मला काही दिसणार नाही. दहा वेळा खिडकीशी गेले. काय दिसणार होतं तिथून.

१६ डिसें.

आजही फोन ड्रॉवरमध्ये. अण्णा धडधाकट आले, धडधाकट गेले. एवढंच माहीत.

दुपारी काकूंचा फोन, नंबर पहिल्यांदाच दिसला. "उद्या सांजच्याला ये. मी त्यांना सांगितलंय, मी जेवनार, तुमी सावकाश या." मी म्हटलं, मग झालं की, मी कशाला? म्हणाल्या, "ये तू."

१७ डिसें., बुधवार

साडेपाचला पोचले. काकूंनी दोन ताटं मांडलेली, मला वाटलं एक अण्णांचं. नाही, माझं. गोळी घेतली, माझ्यासमोर. भाकरी, घेवड्याची भाजी, ताक.

ताटावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. मी माझी भाकरी मोडली. पावणेसहा. त्या दाराकडे बघतायत. पाच मिनिटं गेली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, गाणी लावलेला, तशा त्या अर्ध्या उठल्या. त्याच्या मागे कोणी नव्हतं.

मग बसल्या आणि पहिला घास घेतला. इतका लहान की चिमणीलाही पुरला नसता. मी खाली बघून जेवत राहिले, मुद्दाम हळू, म्हणजे त्यांनाही हळू जेवता येईल. एक भाकरी पुरी खाल्ली त्यांनी. सहाला दोन मिनिटं असताना ताक प्यायल्या आणि ताट स्वतःच उचललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका भाकरीसाठी!

अण्णा सव्वासहाला आले. सायकल हातात धरून, शर्ट पाठीला चिकटलेला. चढ पायी आले असणार. माझ्याकडे न बघता पाय धुतले.

"जेवलीस?" काकूंना विचारलं.

"जेवले."

"बरं केलंस."

बाजेवर बसले. एवढं सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं ते झालं होतं, आणि हा माणूस पाहुण्यासारखा अंग चोरून बसला.

"भाजी कसली हुती?"

"घेवड्याची."

थोड्या वेळाने परत. "कसली म्हनालीस?"

"घेवड्याची म्हटलं की," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. भांड्यांचा आवाजही नाही.

मी निघाले. स्कूटी काढताना नि.चा मेसेज बघितला: सनसेट मोड जानेवारीत सगळ्यांना, अण्णांचा व्हिडिओ कधी? उत्तर दिलं नाही.

अण्णा फाटकापर्यंत आले. सोमवारनंतर पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले.

"उद्या येशील का गं जेवायला? ती एकटी न्हाई जेवायची."

मी हो म्हटलं. नऊ किलोमीटर रोज कशी येणार आहे, देव जाणे.