वर्दी आधी झटकायची

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

बोर्डाचं बोलावणं आलं, आणि हे सकाळपासून फुगे फुगवत बसलेत! साठीचा माणूस! बाजारातून स्वतः पाकीट आणलंय — लाल, पिवळे, सगळे.

म्हणे, सराव करून राहिलो.

काय करावं या माणसाचं! सारी नोकरी तिरोड्याच्या दमकलमध्ये आगी विझवण्यात घालवली. आता घरातून फाटकापर्यंत गेले तरी धाप लागते. हा आजार नोकरीतल्या धुरानेच झाला असं डॉक्टरांच्या बोर्डाने लिहून दिलं, तर औषधपाण्याचा खर्च मिळेल, दरमहा भरपाईही. त्यासाठी गोंदियाला जाऊन मशीनच्या नळीत फुंकून दाखवायचंय. श्वास किती उरलाय ते मशीन सांगतं. आणि यांना त्यात पहिला नंबर काढायचाय!

“अजी, इथं नापास झाले तरच तुमी पास,” मी म्हटलं. ऐकतील तर शपथ.

४ डिसेंबर

फुगे तांदळाच्या कोठीत लपवले.

५ डिसेंबर

सापडले त्यांना.

७ डिसेंबर, शनिवार

बिसराम येऊन गेला. यांच्या हाताखाली शिकलेला, आता दमकलची गाडी चालवतो. अर्ज त्यानेच भरून दिला होता. बिचारा समजावून थकला. “भाऊ, जितकी हवा हाये तितकीच फुंका ना. जोर कायले लावून राहिले?”

“तिथं चार लोक पाहतीन. भोजराज फुस्स झाला म्हणतीन.”

आगीत शिरायला कधी भ्याला नाही हा माणूस, आणि चार लोकांना भितो! बिसराम म्हणाला, डॉक्टर बिडीचंही विचारतील. यावर लगेच — “सांगतो ना! तेंदूपत्त्याच्या गोदामाले आग लागली तवा अख्ख्या जिल्ह्याच्या बिड्या मी एकट्यानं ओढल्या!”

बिसराम हसून लोळला. मीही हसले, ठसका लागेपर्यंत. मग ताकीद दिली — डॉक्टरपुढे हा विनोद करायचा नाही. ते लोक खरं समजून लिहून घेतात. जन्मात एक बिडी ओढली नाही यांनी.

११ डिसेंबर

वर्दी घालून जाणार म्हणे. पेटीतून काढली. खाकी अजून नव्यासारखी! उगाच नाही. धोब्याकडे कधी दिलीच नाही मी. बाकीच्यांच्या बायका तशीच भिजवायच्या आणि मग डाग जात नाहीत म्हणून रडायच्या. माझी रीत वेगळी — वर्दी आधी झटकायची. अंगणात उभं राहून, दोन्ही हातांनी, काळी धूळ उडायची थांबेपर्यंत. काजळी सुकी असतानाच निघते. पाणी लागलं की कापडात बसलीच म्हणून समजा.

तेंदूपत्त्याच्या त्या आगीत तर आठवडाभर रोज झटकली. पत्ता आतल्या आत धुमसत होता, हे रोज काळेठिक्कर होऊन यायचे. मी नाक शिंकरलं तरी काळं! हे ओसरीवर बसून म्हणायचे, “सुलोचना, आग मी विझवून राहिलो, तुझं तोंड काऊन काळं?” आणि आपल्या दुपट्ट्याने माझं तोंड पुसायचे. सासूबाईंच्या समोर! मी लाजून अर्धी व्हायचे. पण खोटं कशाला लिहू — ते पुसतील म्हणून मी स्वतः कधी पुसलं नाही.

इस्त्री करताना वर्दी नाकाला लावून पाहिली. धुराचा वास नावालाही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज पुन्हा फुगे! डोळे पांढरे होईपर्यंत फुंकतात. वैतागून म्हटलं, आणा इकडे! बाईमाणसाने फुगवून दाखवला की तुमची मिजास उतरेल.

लाल फुगा घेतला. लिंबाएवढा झाला आणि अडला. पुन्हा फुंकलं, खोकलाच आला. दातात फट पडलीय, सगळी हवा तिथूनच गेली असणार. मी हसत सुटले.

हे हसले नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. “हा खोकला कवापासून?”

थंडीचा आहे, म्हटलं. नाहीतर फोडणीचा. स्वतःचं बघायचं सोडून माझ्याकडेच बघत बसले. चहा करून दिला तेव्हा कुठे उठले.

१६ डिसेंबर

फुगे गायब! विचारलं तर — “फेकले. आता जितकं हाये तितकंच फुंकतो.”

जिंकले मी! देवापुढे साखर ठेवली.

१७ डिसेंबर

जेवणावरची वासनाच उडालीय यांची. परीक्षेची धास्ती असणार. रात्री आवडीचं वांगं केलं, तरी दोनच घास.

१९ डिसेंबर, गुरुवार

गोंदियाला जाऊन आलो, यांचं काम झालं! वर्दीत बसून सरळ फुंकलं, जोर नाही, नाटक नाही. डॉक्टर म्हणाले, हा धुराचाच आजार, तसं लिहून देतो. बिडीचा विनोदही केला नाही.

मी पिशवी उचलून निघाले, तर यांनी माझा हात धरून मला त्याच खुर्चीत बसवलं. “साहेब, आता हिलेही फुंकू द्या.”

चार लोक पाहत होते. मी सगळा जोर लावून फुंकलं.

डॉक्टर कागद पाहत राहिले. “ताई, तुम्हीही दमकलमध्ये होतात?”

हसू आलं मला. छे हो, म्हटलं, मी घरीच.

“मग यांची वर्दी कोण धूत होतं?”

“मीच!” मोठ्या तोऱ्यात सांगितलं. “धोब्याकडे एकदाही दिली नाही.”