सपाट वाचा

५ नोव्हेंबर, सोमवार
कामाचा पहिला दिवस, आणि मी चक्क गुणगुणत घरी आले. अंध वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची, एवढंच काम. खोली एवढीशी, भिंतींना स्पंज, पान उलटल्याचा आवाज होऊ नये म्हणून टेबलावर हिरवं जाड कापड. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाले भाऊ. त्यांनी एकच नियम सांगितला, सपाट वाचायचं, रंग भरायचे नाहीत. मला हसूच आलं. शाळेतल्या सिस्टर टेबलावर पट्टीने ताल धरून म्हणायच्या, शब्दांत जीव ओत, नाहीतर ते नुसते आवाज. पन्नास वर्षांची सवय अशी जाते होय?
बाहेर माझ्या आधीची वाचक बसते, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. सगळे तिला मैना म्हणतात. मी हसले, ती नाही हसली. शिष्ट असेल.

७ नोव्हेंबर
आज एका मामाच्या फजितीचं प्रकरण. भाऊ पोट धरून हसले. संध्याकाळी शेजारणीने स्वतःचाच जिन्यावरून घसरल्याचा किस्सा रंगवून सांगितला. सगळ्या लोटपोट. मला गंमत कळली, हसू तेवढं आलं नाही. दमले असेन.

१२ नोव्हेंबर
विरहाचं प्रकरण. वाचताना ह्यांची आठवण आली, ती तशीच शब्दांत जाऊ दिली.
घरी आल्यावर रोजच्यासारखा ह्यांचा स्वेटर कपाटातून काढून नाकाशी धरला. लोकरीचा वास आला. लोकरीचाच.

१३ नोव्हेंबर
भाऊंना विचारलं, मला काही वाटेनासं का झालंय. ते खाली बघत म्हणाले, "ताई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना. जे ओताल ते तिथेच राहतं."
मैनेचं सगळं बारा पुस्तकांत आहे. ऐकणारे अजून रडतात म्हणे. माझं मला परत ऐकवा म्हटलं. ऐकलं. कोणीतरी बाई फार सुंदर रडत होती.
नोकरी सोडली. आईच्या मायेचं प्रकरण वाचायचं राहिलंय, ते वाचणार नाही. रविवारी लेक येणार आहे, नातीला घेऊन. तेवढं माझ्याकडे राहू दे.

१५ नोव्हेंबर
नातीचा फोन आला. आजी, गोष्ट वाच. तिच्या आईलाही मी अशीच वाचून दाखवायचे. आपल्या घरात कसली भीती, असं वाटलं. सपाट वाचायला गेले, तर ती म्हणाली, "आजी, तू रुसलीस?"
मग कसं वाचणार सपाट —
फोन ठेवला. लेकीचा फोटो पुसायला घेतला. नाक माझ्यासारखं आहे तिचं. बाकी काही —

१७ नोव्हेंबर
आता भीती तेवढी उरली. तिलाच घट्ट धरून आहे. भीती वाटते म्हणजे मी अजून आहे.
कुठे काय हरवलं ते कळावं म्हणून ही वही पहिल्यापासून वाचली. मनातल्या मनात वाचायची होती. ओठ कधी हलायला लागले — आवाज थरथरत होता — माझाच — थांबता येईना —

१८ नोव्हेंबर, रविवार
बरं आहे. भीती नाही.
दारात लेक. कडेवर नात. ओळखते दोघींना. बसा म्हटलं. लेक विचारते, आई, काय झालं गं. रडते. पाणी द्यायला हवं.
नातीने पुस्तक मांडीवर ठेवलं. वाच म्हणते. वाचते आहे. वहीतही लिहिते, वाचते आहे. अक्षरं दिसतात. तोंड उघडतं. नुसते आवा